भाऊ-वहिनी वेगळे राहायला लागले. आता घरात कोणी कोणाशी काय बोलायचं?

प्रतापनगरची नणंद

परिस्थिती थोडक्यात. आम्ही सगळे नागपुरातच: भाऊ मनीषनगरच्या फ्लॅटवर, वहिनी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी नंदनवनला, आई-बाबा प्रतापनगरला. तीन महिने वेगळं राहून बघायचं असं दोघांनीच ठरवलंय. वकील, नोटीस काही नाही. मारहाण, दारू हा विषय नाही.

अडचण बोलण्याची आहे. आई मला विचारते, 'ती काय म्हणाली?' वहिनी विचारते, 'घरी काय चाललंय?' भाऊ कोणाचाच फोन उचलत नाही आणि मला मेसेज टाकतो, 'तिला सांग, शनिवारी पोराला पाठव.' घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) रोज सकाळी सुविचार टाकून राहिले, सगळे संसारावरचेच. पोराला सांगितलंय की बाबांच्या फ्लॅटला रंग देणं सुरू आहे. पुढे पोळा आहे, मग महालक्ष्म्या.

निरोप पोचवणं मी बंद करू का, आणि केलं तर कसं? पोराला कोणी आणि काय सांगायचं? नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं? नेमकं काय करायचं ते हवंय. 'वेळ हेच औषध' कृपा करून लिहू नका.

निंबोणी

आधी निरोपाचं बघू, कारण बाकीचं त्यावरच अडलंय.

तुमच्या घरी जे झालंय त्याला कुटुंबोपचारात त्रिकोण म्हणतात. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ते मांडलं. दोघांमधला ताण दोघांना झेपेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. तिसरा आला की दोघांनाही थोडं हलकं वाटतं, आणि हलकं वाटतं म्हणून मूळ बोलणं राहून जातं. तुम्ही जितक्या चांगल्या निरोप्या व्हाल तितके ते दोघं एकमेकांशी कमी बोलतील.

निरोप बिघडतो कसा तेही बघा. भावाचा शब्द होता 'पाठव'. तुम्ही फोनवर सांगितलं, 'अगं, शनिवारी पाठवशील का असं म्हणत होता.' तुम्ही गोड करून सांगितलं. तिला ती विनंती वाटली, ती म्हणाली 'बघते'. तुम्ही भावाला कळवलं, 'हो म्हणाली बहुतेक.' शनिवारी अकरा वाजता तो नंदनवनच्या गेटसमोर उभा आणि पोरगा मामासोबत महाराजबागेत. भांडण होणार तिच्याशी. घोळ मात्र 'बहुतेक'ने घातला, आणि तो शब्द त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

बंद करताना तिघांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत कळवा: 'मी दोघांचीही आहे, म्हणून यापुढे कोणाचा निरोप कोणाला देणार नाही. एकमेकांना थेट लिहा. मला माझ्याशी बोलायला कधीही फोन करा.' एकाला आज आणि दुसऱ्याला चार दिवसांनी सांगितलंत तर तुम्ही बाजू बदलली असा अर्थ निघतो.

पहिले आठ-दहा दिवस कठीण जातात. आई म्हणेल, 'फक्त एकच विचारते.' तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, कारणं देत बसायचं नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते आणि चर्चेच्या शेवटी बातमी बाहेर पडतेच. पण आईला नुसतं 'नाही' म्हणून भागणार नाही. तिचं दुःख खरं आहे आणि ते सांगायला तिला दुसरी जागा नाही. रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी साडेसातला, वीस मिनिटं फक्त तिचं ऐका. तिला काय वाटतं ते सगळं विचारा, वहिनीकडची बातमी एकही देऊ नका. दिवसभरातले पाच फोन हळूहळू त्या एका फोनवर येतात.

भावाचं फोन न उचलणं दर वेळी राग किंवा बेपर्वाईच असेल असं नाही. जॉन गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत भांडणाऱ्या जोडप्यांच्या नाडीचे ठोके मोजले गेले. मिनिटाला शंभरच्या वर ठोके गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून थांबणं चांगलं, पण परत येण्याची वेळ सांगून थांबावं. त्याला एवढंच शिकवा की नुसतं गप्प बसण्याऐवजी 'आत्ता बोलू शकत नाही, उद्या रात्री नऊला करतो' असं लिहायचं, आणि नऊला खरंच फोन करायचा. नऊचा फोन आला नाही तर आधीचा मेसेज न पाठवल्याहून वाईट.

खडूचा तुकडा

मुलाबद्दल लिहिते. रंगकाम आजच संपवा. रंग आठवड्यात वाळतो हे आठ वर्षांच्या मुलाला कळतं. आता त्याला दोन कामं लागलीत: खरं काय ते ओळखणं, आणि आपण ओळखलंय हे मोठ्यांपासून लपवणं. दुसरं काम जास्त दमवतं.

सांगायचं आई-बाबांनीच, शक्य असेल तर दोघांनी एकत्र. आजी, आत्या, मामा यांच्यापैकी कोणीही नाही. शनिवारी सकाळ बरी, कारण नंतर अख्खा दिवस हाताशी असतो. झोपायच्या आधी नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, वाढदिवसाच्या आठवड्यात नको. बोलणं दहा मिनिटांत संपवावं. दोघं आधी एकदा फोनवर वाक्यं ठरवून घ्या, म्हणजे मुलासमोर एकमेकांना दुरुस्त करावं लागणार नाही.

साधारण असं: 'फ्लॅटला रंग देतोय असं आम्ही सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. आम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं. आमचं दोघांचं पटत नाहीये, म्हणून आम्ही तीन महिने वेगवेगळ्या घरी राहणार आहोत. हे मोठ्यांचं आहे, तुझ्या कुठल्याही वागण्यामुळे झालेलं नाही. सोमवार ते गुरुवार तू नंदनवनला झोपशील. शुक्रवार ते रविवार बाबांकडे. शाळा तीच, व्हॅनवाले काका तेच, शनिवारचा क्रिकेटचा क्लास तोच.'

शेवटची तीन वाक्यं मोठ्यांना फालतू वाटतात, पण मूल तीच ऐकत असतं. रात्री कुठे झोपायचं, शाळेत कोण सोडणार, माझी सायकल कुठल्या घरी राहणार. भिंतीवर महिन्याचं कॅलेंडर लावा आणि दोन रंगांच्या स्केचपेनने दिवस रंगवा, एक कॅलेंडर दोन्ही घरी. 'परवा तुला बाबा भेटतील' हे ऐकण्यापेक्षा तो हिरवा चौकोन त्याने स्वतः मोजलेला बरा.

'तुझ्यामुळे नाही' हे एकदा सांगून भागत नाही. या वयाची मुलं कारण स्वतःत शोधतात: मी गणितात कमी मार्क आणले त्या रात्री ते भांडले होते, म्हणजे माझ्यामुळेच. तीन-चार आठवडे हे अधूनमधून, वेगवेगळ्या निमित्ताने म्हणावं लागतं.

सांगितल्यावर तो रडेलच असं नाही. 'बरं, मी खाली खेळायला जाऊ?' असंही म्हणेल. त्याला काही वाटलं नाही असं समजू नका. खरे प्रश्न चार-सहा दिवसांनी येतात, आणि बहुतेक वेळा गाडीवर मागे बसलेला असताना, कारण तिथे तोंड बघावं लागत नाही. सिग्नलवर मागून प्रश्न आला तर मान वळवू नका, गाडी बाजूलाही घेऊ नका. तशाच चालत्या गाडीवर एका वाक्यात उत्तर द्या.

पोटदुखी (तीही सोमवारी सकाळी), पुन्हा अंथरूण ओलं होणं, पेन्सिल हरवल्यावर अर्धा तास रडणं हे पहिल्या काही आठवड्यांत दिसू शकतं. महिना-दीड महिना उलटूनही कमी होत नसेल, किंवा त्याचं खाणं, झोप, शाळा तिन्ही बिघडलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत बालमानसतज्ज्ञ गाठा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर विचारता येतं, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

वर्गशिक्षिकेला एकच वाक्य सांगा: 'सध्या तो दोन घरी राहतो, काही वेगळं दिसलं तर आम्हा दोघांनाही कळवा.' शाळेच्या नोंदीत दोघांचेही नंबर आहेत ना तेवढं तपासा. कारणं सांगू नका, स्टाफरूममध्ये ती चहासोबत फिरतात.

प्रतापनगरची नणंद

धन्यवाद. आणि 'तुम्ही परत एकत्र राहणार का?' असं त्याने विचारलं तर? आईने तर आधीच सांगून टाकलंय, 'हो रे राजा, दिवाळीपर्यंत.'

खडूचा तुकडा

'आम्ही अजून ठरवलेलं नाही. ठरलं की सगळ्यांत आधी तुला सांगू, आणि आम्ही दोघंच सांगू.' एवढंच. आजीने दिवाळी सांगितली म्हणजे तो आता दिवाळी मोजत असणार. आजीला रागावू नका, तिलाच म्हणायला लावा: 'मी दिवाळी म्हणाले ते मला तसं हवंय म्हणून म्हणाले. मला माहीत नाही.' हे आजीला जड जाईल. पण दिवाळीच्या दिवशी ते त्याला फराळाच्या ताटावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

धंतोली ९

निंबोणी यांच्याशी एका ठिकाणी असहमत. निरोप एका झटक्यात बंद करा हे पुस्तकात ठीक आहे. पण दोघांना एकमेकांचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी हात थरथरत असतील, तर पहिले दोन-तीन आठवडे एक माणूस मधे असलेला चालतो. अटी कडक हव्यात: फक्त लेखी, फक्त मुलाबद्दल आणि पैशाबद्दल, आणि आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे. एक शब्द गोड नाही, एक शब्द कमी नाही. बंद होण्याची तारीख आधीच ठरलेली. आणि तो माणूस आई-बाबांपैकी किंवा वहिनीच्या आई-वडिलांपैकी कधीच नाही.

थेट लिहिणं सुरू झालं की त्याची रीत अशी. एका मेसेजमध्ये एकच विषय. काय, कधी, कोणी आणि उत्तर कधीपर्यंत हवं. 'नेहमी', 'कधीच', 'तुझे आई-वडील' हे शब्द आले की मेसेज पुसून पुन्हा लिहायचा.

असं लिहू नये: 'दाताचं मी दहा वेळा सांगितलं होतं, पण तुला कधीच वेळ नसतो.'

असं लिहावं: 'शुक्रवारी ४ वाजता दाताच्या डॉक्टरकडे नेतोय. फाईल तुझ्याकडे आहे, गुरुवारी दप्तरात टाकशील का? बुधवार रात्रीपर्यंत कळव.'

दुसऱ्यात प्रेम नाही, रागही नाही. आता तेवढंच हवं. तिकडून टोमणा आला तर टोमण्याला उत्तर द्यायचं नाही, त्यातल्या कामाच्या भागाला द्यायचं. रात्री दहानंतर काही पाठवायचं नाही, ताप आणि अपघात सोडून. तक्रारी लिहूच नयेत असं नाही, पण त्या ठरवून, आठवड्यातून एकदा, समोरासमोर किंवा समुपदेशकासमोर. घोळ होतो तो दाताच्या डॉक्टरच्या मेसेजमध्ये कोणाचा तरी चार वर्षांपूर्वीचा साखरपुडा घुसतो तेव्हा.

मुलाची ने-आण शाळेवरून ठेवा: शुक्रवारी सकाळी आईने सोडायचं, सुटल्यावर बाबांनी घ्यायचं. दोघांची गाठच पडत नाही आणि मुलाला गेटवर उभं राहून कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी बघावं लागत नाही. सुट्टीत ते जमत नाही (आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मे-जून लांबच लांब), तेव्हा वेळ सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर, आणि पाच मिनिटांत आटपायचं. मेच्या उन्हात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभं राहून हिशेब काढला की भांडण ठरलेलं. बॅगेत चष्मा, डायरी, औषध असेल तर शेवटचा डोस किती वाजता दिला त्याची चिठ्ठी, आणि त्याचं जे काही जुनं पांघरूण असेल ते. पांघरूण विसरलं तर रात्री दहाला फोन येतो आणि त्या फोनवर भलतंच निघतं.

ज्याच्याकडे मुलगा नाही त्याने रोज ठरल्या वेळी दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करावा. 'जेवलास का? अभ्यास झाला? आई काय करते?' हे प्रश्न संपले की दोघंही गप्प. त्यापेक्षा एखादं पुस्तक दोन्हीकडे ठेवा आणि रोज दोन पानं वाचा, किंवा लुडोचा डाव चालू ठेवा. आणि 'आई काय करते' तर विचारूच नका, ती हेरगिरी आहे.

निंबोणी

तारीख ठरवून मधे माणूस ठेवणं मान्य. फक्त ती तारीख दोघांना लेखी कळवा, नाहीतर तीन आठवड्यांचे तीन महिने कधी होतात कळत नाही.

जुना वऱ्हाडी

नातेवाइकांचं मी सांगतो. नागपुरात बातमी लपत नाही बापा, म्हणून लपवायच्या भानगडीत पडू नका. फक्त ती सगळ्यांच्या तोंडून एकसारखी निघाली पाहिजे. एक वाक्य ठरवा आणि आई, बाबा, तुम्ही, भाऊ, सगळ्यांनी पाठ करा: 'सध्या दोघं वेगळे राहून राहिले, त्यांचं ते बघतील.' वहिनीच्या माहेरीही तेच वाक्य जाऊ द्या. आईने 'तिची तब्येत बरी नाही' आणि बाबांनी 'ऑफिस तिकडून जवळ पडते' सांगितलं की दोन आत्या फोनवर ताळा लावतात आणि तिसरीच गोष्ट तयार होते.

'काहून? काय झालं?' असं विचारतीलच. वाक्य तेच, आणि लगेच त्यांची चौकशी: 'तुमच्या गुडघ्याचं कसं आहे?' आपल्याकडे गुडघ्याचा विषय पंधरा मिनिटं जातो.

मोठे बाबा. त्यांना ग्रुपवर बोलू नका आणि तुम्हीही बोलू नका, लहान तोंडी मोठा घास होते. तुमच्या बाबांनी, धाकट्या भावाने, फोन करायचा: 'दादा, पोरं वाचतात, त्यांना लागते. दोन महिने सुविचार थांबवा.' सल्ला मागायचा नाही, नाहीतर ते संध्याकाळी घरी येतात. वहिनीला ग्रुपमधून काढू नका, आणि तिला वगळून नवा ग्रुप तर अजिबात नको. ते तिला त्याच दिवशी कळते.

आता सण. तान्हा पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात तो) पोराचा नंदी कुठल्या घरी आहे ते आत्ताच बघा. प्रतापनगरला असेल तर आठ दिवस आधी तो पोराच्या हवाली करा, चाकं आणि दोरी तपासून. दुसरा नंदी विकत घेऊ नका. एक मोठा एक छोटा झाला की तिकडचे लाडाचे की इकडचे, हा खेळ सुरू होतो. त्या दिवशी मारबत-बडग्याच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीने महाल-इतवारीकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी इकडून तिकडे नेण्याचा बेत नको. संध्याकाळी एकाच मोहल्ल्यात फिरू द्या, यंदा नंदनवन तर पुढच्या वर्षी प्रतापनगर. आजोबांना बोजारा (नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे) द्यायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात द्यावा. त्यासोबत 'आईला म्हणावं...' असं काही नको.

महालक्ष्म्यांचं जास्त नाजूक आहे, कारण तिथे सून दिसली नाही की अख्ख्या गोतावळ्याला उत्तर द्यावं लागते. विचारायचं ते भावाने, आईने नाही, आणि पोळ्याच्या आधीच. सासूने विचारलं की ते बोलावणं राहत नाही, परीक्षा होते. तीन वाटा मोकळ्या ठेवून विचारा: तिन्ही दिवस, फक्त जेवणाच्या दिवशी, किंवा यंदा नाही. 'नाही' म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही. सोळा भाज्या, आंबिल, पुरणाचं काम कोण करणार ते त्याच दिवशी दुसऱ्या बायकांत (आणि पुरुषांतही, पुरण वाटायला काय होते!) वाटून टाका, म्हणजे ऐन वेळी 'ती असती तर' हे वाक्य निघत नाही.

आणि आली तर? जेवणं आटोपली की मोठे बाबा पान लावत म्हणणार, 'बसा जरा दोघं इकडे.' ते आधीच थांबवा. जेवायला बोलावून पंचायत बसवली तर ती पुढच्या वर्षी येणार नाही, अन् चूक तिची नसणार.

कागदवाला

कायद्याचं थोडंच, कारण अजून वेळ आलेली नाही. तरी तीन गोष्टी बोलण्याशी जोडलेल्या आहेत.

वेगळं राहायला कधी सुरुवात झाली ती तारीख दोघांनी एका साध्या मेसेजमध्ये लिहून ठेवा. पुढे कधी संमतीने घटस्फोटाकडे गेलंच तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. पण आधीच्या वर्षाची तारीखच वादात असेल तर त्याचाही काही उपयोग नाही.

प्रत्येक मेसेज उद्या तिऱ्हाईत वाचेल असं धरून लिहा. कुटुंब न्यायालय पुराव्याच्या बाबतीत इतर न्यायालयांपेक्षा मोकळं आहे, आणि जोडीदाराच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. याचा अर्थ रेकॉर्डिंग सुरू करा असा नाही. घरातल्या कोणीतरी हौसेने सुरू केलं की त्या दिवसापासून खरं बोलणं संपतं. अधिकृत मध्यस्थासमोरचं (निरोप्यासमोरचं नव्हे) बोलणं मात्र गोपनीय राहतं, म्हणून जड विषय तिथे न्या.

तिसरं, हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. घरात मारहाण, धमकी किंवा भीती असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे 'नीट बोला' हा सल्ला धोक्याचा आहे. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष.

प्रतापनगरची नणंद

फार उपयोग झाला. शेवटचं एक. आईला वहिनीशी एकदा स्वतः बोलायचंय. फोन लावला की रडणार हे नक्की. अडवू का?

निंबोणी

अडवू नका, फोनऐवजी लिहायला सांगा. तुम्ही टाइप करून द्या, पण शब्द आईचे असू द्या. चार ओळींच्या वर नको. त्यात 'परत ये' नको, 'माझा मुलगा तसा नाही' नको, 'लोक काय म्हणतील' नको, नातवाच्या नावाने गळ नको. उदाहरणार्थ:

'बेटा, तुमच्या दोघांत मी पडणार नाही. तुझी आठवण येते. तुझा लोणच्याचा बरणीभर वाटा काढून ठेवलाय, पाठवू का तेवढं सांग. बाकी उत्तर द्यायची घाई नाही.'

पाठवल्यावर फोन आईच्या हातून घेऊन ठेवा. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही तर ती त्याचे दहा अर्थ लावेल. तीन आठवडे दुसरा मेसेज नाही. लोणच्याला 'हो' आलं तर बरणी भावाच्या हाती पाठवू नका, मुलाच्या बॅगेतही नको. तुम्ही स्वतः नेऊन द्या, आणि चहाला थांबू नका.